जिल्ह्यात मोठी खासगी एफएम वाहिनी आली तर आमचं सामुदायिक रेडिओ केंद्र टिकेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शेतकऱ्यांची एक संस्था काही वर्षांपासून सामुदायिक रेडिओ केंद्र चालवते. जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या खासगी एफएम वाहिन्या येणार अशी चर्चा सुरू झाल्यापासून मंडळी धास्तावली आहेत. त्यांनी पत्र लिहून तीन गोष्टी विचारल्या आहेत. आपणही आता दिवसभर चित्रपटगीतं वाजवावीत का? दुकानदारांच्या जाहिराती तिकडे वळल्या तर खर्च कसा भागवायचा? आणि आपली सगळ्यात चांगली निवेदिका तिकडे निघाली आहे, तिला कसं थांबवायचं?

मी बरीच वर्षं दुष्काळी पट्ट्यातल्या एका सामुदायिक केंद्रावर कार्यक्रम करते, आणि नव्या केंद्रांच्या मुलामुलींना शिकवायलाही जाते. त्या अनुभवावरून सांगते.

धास्ती निराधार नाही. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांमधल्या ७३० एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. लातूर, यवतमाळ, चंद्रपूर यांसारखी आपली शहरं त्या यादीत आहेत. सगळ्या वाहिन्यांची मिळून राखीव किंमत, म्हणजे लिलावातली किमान बोली, ७८४.८७ कोटी रुपये ठरली. मात्र मंजुरी मिळाली म्हणजे उद्या मनोरा उभा राहिला असं होत नाही. स्टुडिओ, पगार, गाण्यांची रॉयल्टी आणि उत्पन्नाच्या ४ टक्के परवाना शुल्क, एवढं सगळं लहान शहरातल्या जाहिरातींवर निघेल का, याचा हिशोब करूनच कोणी बोली लावणार. तुमच्या हातात वेळ आहे. आणि त्यांचा हा हिशोब नीट समजून घेतलात तर तुमचं बळ कशात आहे तेही कळेल.

मोठ्या वाहिनीचा धंदा असा चालतो. एका शहरात तयार झालेला कार्यक्रम, गाण्यांची यादी, स्पर्धा, विनोदी फोन हे सगळं अनेक शहरांत थोड्याफार फरकाने वाजतं. त्यामुळे प्रत्येक शहरामागचा खर्च कमी होतो. मोठ्या जाहिराती मुंबईत विकल्या जातात, साबण, मोबाईल, गाड्या, बँका यांच्या. या हिशोबात हवेतलं प्रत्येक मिनिट शक्य तितक्या जास्त लोकांच्या कामाचं असावं लागतं. चार हजार वस्तीच्या गावाची पाणीपुरवठा योजना का बंद आहे, यावर त्यांनी दहा मिनिटं दिली तर उरलेलं सगळं शहर दुसरीकडे वळतं. त्यांच्या निवेदकाला मनातून ते करावंसं वाटलं तरी त्यांना ते परवडत नाही.

आपला प्रक्षेपक १०० वॅट प्रभावी ताकदीचा, मनोरा जास्तीत जास्त ३० मीटरचा. सपाट रानात आवाज साधारण १० ते १२ किलोमीटर जातो, मध्ये डोंगर आला की त्याआधीच संपतो. या घेरातली वीस-पंचवीस गावं मोठ्या वाहिनीच्या लेखी बाजारपेठच नव्हे. तुमच्या लेखी मात्र तेच सगळं जग आहे. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठाम नाही असं आहे. चित्रपटगीतांच्या मैदानात उतरू नका. गाणी ऐकायला आता लोकांच्या खिशात मोबाईल आहे, आणि तिथे मोठ्या वाहिन्यासुद्धा मार खातात. तुम्ही त्यांची दुय्यम नक्कल केलीत तर ऐकणाऱ्याला तुमच्याकडे थांबायला कारणच उरत नाही.

मग द्यायचं काय? एक कार्यक्रम जवळून दाखवते.

आमच्याकडे सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी सातला लाईट आणि पाणी यांची माहिती जाते. शेतीपंपांची थ्री फेज लाईट पाळीने येते, एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्या आठवड्यात रात्री, आणि प्रत्येक फीडरची, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीची, वेळ वेगळी. त्यात बिघाड, दुरुस्ती, लोडशेडिंग यांनी वेळ सरकत राहते. रात्रपाळीची लाईट असली की माणूस जेवून शेतावर जातो आणि मोटार चालू होण्याची वाट बघत बांधावर बसतो. विंचू-काट्याची भीती असते, काही भागांत बिबट्याची. साडेदहाला येणारी लाईट आज दीडला येणार हे सातलाच कळलं, तर तो माणूस घरी तीन तास झोपतो. ही माहिती आम्ही कशी मिळवतो? उपकेंद्रातल्या ऑपरेटरला आणि महावितरणच्या शाखा कार्यालयाला रोज ठरलेल्या वेळी फोन जातो. कार्यालयाकडून मेसेज आल्याशिवाय वेळ वाचायची नाही, आणि मेसेज जपून ठेवायचा. मग फीडरचं नाव, त्याखालची गावं, वस्त्या, वेळ, असं सावकाश दोनदा वाचायचं. गावाचं नाव घेतल्यावर क्षणभर थांबायचं, म्हणजे चुलीपाशी बसलेल्या बाईला आपलं गाव आलं हे कळतं आणि ती कान देते. त्यानंतर कालव्याचं आवर्तन, मग आरोग्य केंद्रात आज डॉक्टर आहेत का, रेशन दुकानात धान्य आलं का, मुक्कामी एसटी आज येणार का. अख्खा कार्यक्रम बारा मिनिटांचा, आणि तो चुकला तर लोक केंद्रावर फोन करून विचारतात. ज्या कार्यक्रमासाठी लोक फोन करतात तो तुमचा कणा. असे दोन-तीन उभे करा, बाकी वेळापत्रक आपोआप सुचतं.

तमिळनाडूत पांबन बेटावर २०१६ साली सुरू झालेलं ‘कडल ओसै’ हे केंद्र मच्छीमारांसाठी चालतं. वारा किती, लाटा किती, आज होडी घालावी का, हे तिथे ऐकायला मिळतं. जिवावरची माहिती जिथून मिळते ते केंद्र माणूस बदलत नाही.

याच ओघात अमेरिकेतली एक गोष्ट सांगायला हवी, कारण केंद्रावर हाडामासाचा माणूस असण्याची किंमत तिच्यातून कळते. तिथे १९९६च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती रेडिओ केंद्रं घ्यावीत यावरची मर्यादा उठवली. पुढच्या काही वर्षांत क्लिअर चॅनल या एकाच कंपनीकडे बाराशेहून जास्त केंद्रं गेली. नॉर्थ डकोटा राज्यातल्या मायनॉट या लहान शहरातली सहा व्यापारी केंद्रंही तिच्याच मालकीची होती. १८ जानेवारी २००२च्या मध्यरात्रीनंतर शहराजवळ मालगाडी घसरली आणि अमोनिया वायूचा ढग वस्तीवर आला. पोलिसांना लोकांना सावध करायचं होतं, पण रेडिओवर लवकर कोणाशी संपर्क होईना. आपत्कालीन इशारा यंत्रणाही नीट चालली नाही, आणि दोष कोणाचा यावर नंतर बराच वाद झाला. एक जण दगावला, शेकडो लोकांना त्रास झाला. कार्यक्रम दुरून येत असले की रात्री दोनला फोन उचलायला कोणी नसतं, हे तिथल्या लोकांनी मनाला लावून घेतलं. कमी ताकदीच्या स्थानिक केंद्रांना जागा मिळावी म्हणून चाललेल्या तिथल्या चळवळीत या रात्रीचा दाखला वारंवार दिला गेला.

आपल्याकडे २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सीना नदीकाठी जे पाणी आलं ते तुम्ही स्वतः पाहिलं आहे. अशा वेळी लाईट जाते आणि मोबाईलला रेंज राहीलच याची खात्री नसते. आपल्या ताकदीचा प्रक्षेपक चांगल्या इन्व्हर्टरवर काही तास सहज चालतो. तेव्हा नवा मिक्सर घेण्याआधी बॅटऱ्या घ्या. पावसाळ्यात रात्री केंद्रावर झोपणाऱ्यांची पाळी लावा. तहसील कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात त्या माणसाचा नंबर भिंतीवर चिकटवून या.

आता बातम्यांचं. खासगी एफएम असो वा आपण, स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी कोणालाच नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, आपल्याला फार तर स्थानिक भाषेत भाषांतर करून, तेवढंच. मला हा नियम मान्य नाही. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निकाल दिला. त्या खंडपीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते आणि मुख्य निकालपत्र त्यांचं होतं. मालमत्ता लोकांची, पण लोकांनी आपल्याच तालुक्याची बातमी तिच्यावरून सांगायची नाही, हे मला आजही पटत नाही. नियम आहे तोवर तो पाळायचा, मात्र त्यात जागा किती आहे हे पूर्ण माहीत करून घ्या. हवामान, रस्ते-वाहतूक, जत्रा-उत्सव, परीक्षा, प्रवेश, नोकरीच्या जागा, आणि स्थानिक प्रशासनाने दिलेली वीज, पाणी, आरोग्य, आपत्ती यांची माहिती ही बातमी धरली जात नाही. आमचा लाईटचा कार्यक्रम याच जागेत बसतो, म्हणून कार्यालयाच्या मेसेजचा एवढा आग्रह. ग्रामसभा कशी बोलवायची, हजेरी किती लागते, ठराव कसा मांडायचा, हे शिकवायलाही आडकाठी नाही. प्रसारित केलेलं सगळं तीन महिने जपून ठेवावंच लागतं. त्याकडे सक्ती म्हणून बघू नका. उद्या कोणी तक्रार केली तर तेच तुमचं संरक्षण असतं.

गाण्यांना मी विरोध करत नाही. ती कुठली हा प्रश्न आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला २००८ पासून ‘माणदेशी तरंग’ चालू आहे, तिथे स्थानिक कलाकारांना मिळालेलं व्यासपीठ बघा. तुमच्या भागात भारुडी भजनं आहेत, गोंधळी आहेत, आराधी मेळे आहेत, जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या शेवटच्या पिढीतल्या आज्या आहेत. त्यांचं ध्वनिमुद्रण घरी जाऊन करा, देवळात नको, तिथे घुमतं. पंखा बंद, कोंबड्या लांब, आणि आजीच्या हातात काहीतरी काम द्या, नुसतं बसवलं की ती लाजते आणि ओवी तुटते. मुद्रणाआधी साध्या मराठीत लेखी संमती घ्या, प्रक्षेपणात प्रत्येक वेळी नाव आणि गाव सांगा, थोडं का होईना मानधन द्या. या संग्रहावर तुम्हाला कुठल्याही संगीत कंपनीला रॉयल्टी द्यावी लागत नाही, आणि मोठ्या वाहिनीला तो कितीही पैसे ओतून वर्षभरात उभा करता येणार नाही. ‘गुडगाव की आवाज’ हे केंद्र २००९ पासून दिल्लीच्या सगळ्या बलाढ्य एफएम वाहिन्यांच्या गर्दीत चालू आहे. हरियाणवी रागिणी आणि कामासाठी आलेल्या बिहार-उत्तर प्रदेशच्या मजुरांची लोकगीतं त्यांनी लावली, आणि त्या शहरात ज्यांना कोणी विचारत नव्हतं तेच त्यांचे हक्काचे श्रोते झाले.

भाषेबद्दल एकच सांगते. शहरातल्या आरजेची लकब उचलणारा निवेदक पहिल्याच आठवड्यात थांबवा. घाईघाईने बोलणं, अर्धं इंग्रजी, उगाच हसणं, हे तुमच्या लोकांना परकं वाटतं. ‘आलाव’, ‘गेलाव’ म्हणणारी बाई माईकवर तसंच बोलली तर गावाला तो आपला रेडिओ वाटतो.

पैशाचं आता सविस्तर, कारण केंद्रं बंद पडतात ती पैशापायीच.

२०२४ साली सामुदायिक केंद्रांची जाहिरातीची मर्यादा तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटं झाली, आणि सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. कागदावर मांडलं तर १२ मिनिटं पूर्ण भरली तर तासाला ५,३२८ रुपये होतात. हा आकडा कोणत्याही विश्वस्त मंडळाला भुरळ घालतो. प्रत्यक्षात सरकारी जाहिराती मोहिमेपुरत्या येतात, मग महिनोन्महिने येत नाहीत, आणि आलेल्यांचं बिल वेळेवर निघत नाही. माझ्या ओळखीच्या एका केंद्राने या बिलांच्या भरवशावर चार जणांचे पगार ठरवले आणि दिवाळीला तिघांना घरी पाठवावं लागलं. सरकारी पैसा आला की तो यंत्रसामग्रीत, दुरुस्तीत आणि बॅटऱ्यांत घाला. पगार मात्र गावातून येणाऱ्या पैशावर उभे राहिले पाहिजेत.

नियमाने आपल्याला स्थानिक व्यवसाय, स्थानिक सेवा, स्थानिक कार्यक्रम आणि नोकरीच्या संधी यांच्याच जाहिराती घेता येतात. पुरस्कृत कार्यक्रम सरकारचे किंवा सार्वजनिक हिताची माहिती देणाऱ्या संस्थांचे. हे बंधन अडचणीचं वाटतं, पण जिल्ह्याच्या एफएमशी तुलना करून बघा. तालुक्यातल्या कृषी सेवा केंद्राने तिकडे जाहिरात दिली तर ती ऐकणाऱ्यांतले बहुतेक लोक चाळीस किलोमीटर लांबचे, ते त्याच्या दुकानात कधीच येणार नाहीत. तुमच्याकडे ऐकणारा प्रत्येक माणूस बाजाराच्या दिवशी त्याच्या दारावरून जातो. दुकानदाराला हे असंच सांगा. आणि १० सेकंदांचा दर त्याच्यापुढे ठेवूच नका, त्याला त्यातलं काही कळत नाही आणि तो घासाघीस करतो. महिन्याची एक ठरलेली रक्कम, रोज तीन वेळा, वेळा लिहून दिलेल्या, आणि जाहिरात त्याच्या स्वतःच्या आवाजात. स्वतःचा आवाज रेडिओवर ऐकला की तो चार पाहुण्यांना सांगतो आणि पुढच्या महिन्याचे पैसे मागावे लागत नाहीत. खानावळ, शिकवणी, मंडपवाला, रोपवाटिका, दूध डेअरी, पतसंस्था, सगळीकडे जा. मात्र एकरी अमुक पोती पिकवणारं औषध, साखर मुळापासून घालवणारा काढा, असल्या जाहिराती कितीही पैसे दिले तरी घेऊ नका. एका शेतकऱ्याचं पीक तुमच्या भरवशावर गेलं की त्या गावात तुमचा रेडिओ कोणी लावणार नाही.

स्पेक्ट्रम शुल्काचा, म्हणजे रेडिओ लहरी वापरण्यासाठी सरकारला भरायच्या पैशाचा, किस्सा नव्या मंडळींना मुद्दाम सांगते. वर्षाला १९,७०० रुपये असलेलं शुल्क २०१२ साली एकदम ९१,००० करण्यात आलं होतं. देशभरातल्या केंद्रांनी एकत्र येऊन आवाज उठवला तेव्हा ते मागे घेतलं गेलं. आज देशात ५००हून अधिक सामुदायिक केंद्रं आहेत. शेजारच्या जिल्ह्यातल्या दोन-तीन केंद्रांशी आताच बोलणी करा. कार्यक्रमांची देवाणघेवाण होईल, तंत्रज्ञ वाटून घेता येईल, आणि आरोग्य खात्याकडे किंवा कृषी विद्यापीठाकडे प्रकल्प मागायला एकत्र गेलात तर दार लवकर उघडतं.

ऐकणारे मोजायचे कसे, असंही तुमच्या पत्रात ओझरतं आलंय. मोठ्या शहरांतल्या श्रोतृसंख्येच्या मोजणीत आपण कुठेच नसतो. मग आपली वही आपणच ठेवायची: फोन कोणत्या गावाहून, कशासाठी, बाई की पुरुष. एखाद्या गावातून महिनाभर फोन नाही आला तर तिथे जा. बहुतेकदा कारण साधं असतं. घरात रेडिओ संच उरलेला नसतो, साध्या मोबाईलमध्ये रेडिओ आहे पण इअरफोनची वायर तुटलेली असते, आणि ती वायरच अँटेनाचं काम करते हे माहीत नसतं. बऱ्याच स्मार्टफोनमध्ये रेडिओ चालतच नाही. २०२३ साली केंद्र सरकारने मोबाईल कंपन्यांना तो सुरू ठेवा अशी सूचना केली, पण गावातले जुने फोन काही त्याने बदलत नाहीत. दूध संकलन केंद्र, पिठाची गिरणी, सलून, एसटी स्टँडवरचं चहाचं हॉटेल, इथे एकेक साधा रेडिओ संच ठेवा. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या बुदिकोटे गावच्या ‘नम्म ध्वनी’च्या लोकांना परवाना मिळायची सोयच नव्हती, तेव्हा त्यांनी केबलच्या तारेवरून घरोघरी आवाज पोहोचवला. तुम्ही लाईटच्या वेळा आणि बाजारभाव दोन मिनिटांच्या ध्वनिफितीत घालून गावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका.

राहिली तुमची निवेदिका. तिला थांबवू नका. पगारात तुम्हाला त्यांची बरोबरी करता येणार नाही, आणि तालुक्यातली मुलगी एवढ्या मोठ्या ठिकाणी पोहोचली याचं श्रेय तुमच्या केंद्राचं आहे. जायच्या आधी तिच्याकडून एक काम मात्र करून घ्या. कोणत्या गावात कोणाला फोन केला की खरी माहिती मिळते, कोणती आशाताई मोकळेपणाने बोलते, उपकेंद्रात रात्री कोण असतं, ही सगळी माणसं आज तिच्या मोबाईलमध्ये आहेत. ती केंद्राच्या वहीत उतरवून घ्या, आणि प्रत्येकाला तिच्या समोरच फोन करून नव्या व्यक्तीची ओळख करून द्या. तिच्या जागी एकीला न नेमता तिघींना थोडा थोडा वेळ द्या, बचत गटातल्या बायकांमधून आणि कॉलेजातल्या मुलींमधून. एकीने वाचायचं, एकीने गावं फिरायची, एकीने फोन सांभाळायचा, आणि दर दोन महिन्यांनी कामं बदलायची. नव्या मुलींना लगेच माईकसमोर बसवू नका. रेकॉर्डर देऊन आठवडी बाजारात आणि दूध डेअरीवर पाठवा. आणलेलं मुद्रण संध्याकाळी सगळ्यांनी बसून ऐका, आणि त्यातली निदान दोन मिनिटं दुसऱ्या दिवशी सकाळी लावा, कारण ज्यांचा आवाज त्यात आहे ती माणसं त्या वेळी घरच्यांना गोळा करून रेडिओ लावणार आहेत.